इमारत पाडायची नाही, मागच्या वस्तीच्या छपरांसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीच्या चार इमारती आहेत. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही, एकूण ६४ घरं. बांधकाम १९८४ सालचं. गेल्या दोन वर्षांत बिल्डर मंडळींच्या इतक्या फेऱ्या झाल्या की वॉचमनकाका त्यांच्या गाड्यांचे नंबर पाठ म्हणून दाखवतात. जादा कार्पेट एरिया, दोन पार्किंग, काम होईपर्यंतचं भाडं, सगळं ऐकून घेतलं. शेवटी विशेष सर्वसाधारण सभेत, साडेचार तासांच्या भांडणानंतर, ठरलं: पाडायचं नाही, दुरुस्त करायचं. ४१ सभासद बाजूने. उरलेल्यांपैकी काही अजून आमच्याशी जिन्यात बोलत नाहीत.

हा निर्णय हळवेपणातून झालेला नाही. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे सांगाड्याची तपासणी, दर तीन वर्षांनी करावी, असं सोसायट्यांचे उपविधीच (नियमावली) सांगतात. आम्ही ते करून घेतलं. सांगाडा ठणठणीत निघाला. बिघडलंय ते बाहेरचं प्लास्टर, काही छज्जे, ड्रेनेजचे पाइप आणि गच्ची. इमारत धोकादायक ठरली असती तर पाडावीच लागली असती, त्यात वाद नाही. पण धडधाकट माणसाला कुणी ऑपरेशनला नेत नाही.

दुसरं कारण कार्बनचं. एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला मोठा वाटा भट्टीच्या इंधनाचा नाही, चुनखडी भाजली की तिच्यातूनच तो वायू सुटतो. म्हणजे कारखाना उद्या सौरऊर्जेवर चालवला तरी तेवढं टळत नाही. आमच्या चार इमारतींचा हा हिशेब १९८४ सालीच चुकता झालाय. पाडून बारा मजली टॉवर बांधला आणि त्याला ‘ग्रीन’ पाटी लावली, तर तो हिशेब नव्याने सुरू होतो. शिवाय राडारोडा कुठे जातो ते पुणेकरांना सांगायला नको. नदीकाठाने एकदा फिरून यावं.

काय दुरुस्त करायचं ते सल्लागाराच्या फाइलमधून ठरवलं नाही. उन्हाळ्यात महिनाभर घरोघर वही फिरवली: कुठली खोली तापते, कुठल्या खिडकीतून वारा येतो, पंखा किती वाजेपर्यंत लागतो, वीजबिल किती. मुलांनी थर्मामीटर घेऊन वरच्या मजल्यांवरच्या नोंदी केल्या. सगळ्यात मोलाची माहिती दिली ती बी विंगमधल्या ब्याऐंशी वर्षांच्या आजींनी. त्या म्हणाल्या, “आधी गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे होते. तुम्ही गळती काढायला वर डांबर ओतलंत, तेव्हापासून मी रात्री झोपलेले नाही.” खरं आहे. चायना मोझॅकची पांढरी गच्ची ऊन परतवते, डांबराची काळी गच्ची ते पिते आणि रात्रभर खाली सोडत राहते. आमचे तिसऱ्या मजल्यावरचे एसी त्यानंतरचे आहेत. तेव्हा सेक्रेटरी कोण होतं हे इथे लिहीत नाही, ते गृहस्थ अजून समितीत आहेत.

म्हणून पहिलं काम गच्ची: डांबर काढायचं, कोबा दुरुस्त करायचा, वर पुन्हा पांढरे तुकडे. मग पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे. सोलर त्यानंतर. तापलेलं घर तसंच ठेवून वर पॅनेल लावणं म्हणजे गळक्या बादलीला मोठा नळ जोडणं.

तरी सोलरही लावतोय. पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी १० किलोवॅट. पुण्याच्या उन्हात ते दिवसाला सरासरी ४० युनिट देईल. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे १ लाख ८० हजार. उरलेला खर्च आणि गच्चीचं काम आमचे सभासद वर्गणीतून करतायत. त्यासाठी कुणाकडे हात पसरत नाही.

हात पसरतोय तो मागच्या वस्तीसाठी. आमच्या कंपाउंडला लागून ३८ घरं आहेत, वर पत्रे. आमच्यातल्या निम्म्या घरांचा स्वयंपाक आणि झाडलोट तिथल्या बायकांच्या हातची. आम्ही गच्ची थंड करायची आणि त्यांनी तापल्या पत्र्याखाली झोपायचं, हे सभेत वस्तीतल्या एका ताईंनीच तोंडावर विचारलं. पत्र्याला आम्ही पांढरा रंग सुचवला. त्या म्हणाल्या, रंग द्या, पण आधी पत्र्याखाली हवा जायला वाट करा, आणि रंग पावसाळ्याआधी द्या, नंतर टिकत नाही. त्यानुसार यादी बदलली: पांढरा रंग, पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचं छत, भिंतीच्या वरच्या बाजूला जाळीचा झरोका.

हे पुण्यात नवीन नाही. येरवड्याच्या नेताजीनगर, मदर तेरेसा नगरात केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेच्या पैशातून घरं बांधली ती जुन्याच जागी. पक्की घरं ठेवली, कच्चीच नव्याने बांधली, आणि नकाशे महिला मिलन या वस्त्यांमधल्या बायकांच्या संघटनेबरोबर बसून ठरले. घर केवढं होणार ते कळावं म्हणून खऱ्या मापाचा कापडी नमुना उभा केला होता. लोक त्यात शिरून बघायचे, इथे ओटा, इथे मोरी. प्रत्येक कुटुंबाने खर्चाचा दहावा हिस्सा भरला. आमच्या मागच्या वस्तीनेही घरटी ५०० रुपये द्यायचं स्वतःहून ठरवलंय.

एका घराला साधारण ९,००० रुपये लागतील, म्हणजे ३८ घरांचे ३ लाख ४२ हजार. वस्तीचा वाटा १९ हजार, सोसायटीचे १ लाख. २ लाख २३ हजार कमी पडतायत. रक्कम सोसायटीच्या नावे चेकनेच द्यावी, पावती मिळेल. ८०जीची करसवलत मात्र मिळणार नाही, तेवढी नोंदणी आमच्याकडे नाही. हिशेब दर रविवारी फलकावर लागेल, वस्तीतल्या दोन जणी आणि आमचे दोघे मिळून तो तपासतील.

पैसे नसतील तर इतर गोष्टीही हव्यात. निवृत्त सिव्हिल इंजिनिअर चार शनिवार देऊ शकले तर उत्तम. तट्ट्या विणणारे आणि झरोके बसवणारे गवंडी कुणाच्या माहितीत असतील तर गाठ घालून द्या. घर पाडणाऱ्यांकडे जुन्या सागवानी चौकटी, लोखंडी जाळ्या असतील तर भंगारात देण्याआधी आम्हाला विचारा. आणि तुमच्याही सोसायटीत पाडायचं की ठेवायचं यावर भांडण चालू असेल, तर आमची वही बघायला या. ए विंगच्या तळमजल्यावरच्या वाचनालयात रोज संध्याकाळी ६ ते ८ कुणीतरी असतं. गुरुवारी लाइट गेले तर गच्चीवर बसतो, अर्थात डांबर निवल्यावर.

आपले,
रहिवासी व वस्ती संयुक्त समिती, कोथरूड