हायब्रीडच्या अंड्यातून हायब्रीड निघत नाही

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीतला घरच्या घरी कोंबड्या पाळण्यावरचा लेख आमच्या मुलीने मोठ्याने वाचून दाखवला, लेख मस्तच आहे पण एक वाक्य खटकलं म्हणून लिहितेय. त्यात म्हटलंय की हायब्रीड कोंबड्या आणा आणि त्यांचीच अंडी उबवून कळप वाढवा. अहो इथेच सगळे फसतात, आम्हीपण फसलो.

आमच्याकडे आधी नुसत्या हायब्रीडच होत्या, वर्षाला 300 च्या आसपास अंडी देणाऱ्या, त्यांच्यातलाच कोंबडा ठेवला, एकही कोंबडी खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसेना (ती सवयच त्यांच्यातून निवडून निवडून काढलेली असते) म्हणून उबवणीचं मशीन आणलं, 37.5 डिग्री, 18 व्या दिवसापर्यंत अंडी फिरवायची, 21 व्या दिवशी पिल्लं बाहेर. आनंदीआनंद! पण मोठी झाल्यावर बघतो तर एकीचं दुसरीशी जमेना, रंग वेगळा, अंगलट वेगळी, अंड्यांचा तर काही नेमच नाही. कारण हायब्रीड म्हणजे वेगवेगळ्या वाणांचा हिशोबाने केलेला संकर, पुढच्या पिढीत ते पत्ते परत पिसले जातात.

मग शुद्ध जाती ठेवल्या आणि खरी मजा तिथून सुरू झाली. ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा आणि पट्टेवाल्या प्लिमथ रॉकच्या कोंबड्या एकत्र सोडल्या की पिल्लं सगळी काळी निघतात पण नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो, म्हणजे पहिल्याच दिवशी पोरं बसून नर-मादी वेगळे करतात. जोडी उलटी लावली तर हे जमत नाही बरं का. कारण तो ठिपका म्हणजे पट्ट्यांच्या गुणाचीच खूण, पिल्लू नर की मादी हे कोंबडीकडून ठरतं आणि पट्ट्यांचा गुण ती फक्त मुलग्यांनाच देते. माणसात मात्र ते बापाकडून ठरतं, हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, आमच्या वेळी कोणी बोललं असतं तर!

अजून एक चूक आमचीच. लाल कोंबडा काढून पट्टेवाला सोडला आणि चौथ्याच दिवशी शुद्ध प्लिमथ रॉक म्हणून अंडी मशीनमध्ये ठेवली, निघाली बरीचशी जुन्याचीच पिल्लं, कारण कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. तेव्हापासून कोंबडा बदलला की तीन आठवडे अंडी फक्त खायला, आणि कुठली अंडी कोणाची, कधी ठेवली हे मुलगी वहीत लिहिते, एक पान चुकलं तर आम्हालाच ओरडते.

तेव्हा पुढच्या लेखात एवढं तरी छापा की अंड्यांसाठी हायब्रीड खुशाल ठेवा पण पैदास करायची तर शुद्ध जातीची जोडी लागते. आणि निम्मी पिल्लं कोंबडेच निघणार, त्यांचं काय करायचं हे घरात आधी बोलून घ्या, आमच्याकडे त्यावरून दोन दिवस अबोला होता.

तुमची एक वाचक