रामभाऊ म्हाळगींची आठवण काढायची तर आमदारांच्या प्रश्नांचा हिशेब छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

6 मार्चला रामभाऊ म्हाळगींचा स्मृतिदिन असतो. दरवर्षी चार ओळींची बातमी येते, फोटोला हार घातला, अमुक अमुक उपस्थित होते, संपलं. आमच्या मावळातल्या नव्या पोरांना विचारलं तर म्हाळगी म्हणजे भाईंदरजवळ उत्तनला ती प्रबोधिनी आहे ना, एवढंच माहीत असतं. हा माणूस 1957 ला आपल्या मावळातून आमदार झाला होता हे सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात. म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबलंय पण शक्य झालं तर पूर्ण छापा.

रामभाऊ मूळचे खेड तालुक्यातल्या कडूसचे, जन्म 1921 चा. संघाचे प्रचारक होते, काही काळ केरळात होते, मग जनसंघ (आजच्या भाजपच्या आधीचा पक्ष) निघाल्यावर महाराष्ट्रात पक्षाचं संघटनेचं काम त्यांच्याकडे आलं. विचारानं पक्के उजवे, त्यात लपवाछपवी काही नाही. समान नागरी कायदा, गोहत्या बंदी, 370 कलम रद्द करा, नेहरूंच्या सहकारी शेतीला विरोध, जनसंघाचा हा सगळा कार्यक्रम त्यांचाही होता. पण 1957 ची गंमत अशी की केंद्रातल्या जनसंघाला भाषावार राज्यांचं फारसं प्रेम नव्हतं, त्यांना एकसंध देश आणि मजबूत केंद्र हवं होतं, आणि इकडे महाराष्ट्रातला जनसंघ मात्र संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाला. म्हणजे कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि जनसंघ सगळे एका बाजूला आणि काँग्रेस दुसऱ्या बाजूला. त्या लाटेत मावळानं जनसंघाचा माणूस द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत पाठवला. मला यात तडजोड दिसत नाही, लोकांना काय पाहिजे ते ओळखलं आणि त्यांच्याबरोबर उभे राहिले असंच दिसतं.

1962 ला महाराष्ट्रात जनसंघाची एकही जागा आली नाही. 1967 ला रामभाऊ पुणे शहरातून परत निवडून आले, 1972 ला पुन्हा आले. आता आकडे बघा. 1967 ला 270 च्या सभागृहात काँग्रेसचे 203 आणि जनसंघाचे फक्त 4. 1972 ला काँग्रेस 222, जनसंघ 5. चार-पाच आमदारांच्या जोरावर सरकार पडत नाही, विधेयक अडत नाही, मंत्रिपद मिळायचा तर प्रश्नच नाही. मग अशा आमदारानं करायचं काय? त्याच्या हातात उरतो तारांकित प्रश्न (मंत्र्यानं सभागृहात उत्तर द्यायचा), त्यावरचा उपप्रश्न, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), कपात सूचना (खात्याच्या खर्चाची मागणी कमी करा अशी सूचना), अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदारानं मांडलेलं). हे सगळं वापरायला अभ्यास लागतो, नियम पाठ लागतात, लायब्ररीत बसावं लागतं, आणि रामभाऊंचं नाव झालं ते याच कामासाठी. मंत्र्याला लेखी उत्तर देणं भाग पाडायचं, उत्तरात आश्वासन आलं की ते सोडायचं नाही. आमदार निधी वगैरे तेव्हा नव्हताच, त्यामुळे गटार आणि सभामंडपावर नाव टाकायची सोय नव्हती, सभागृहातलं काम हेच काम.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते दरवर्षी आपल्या कामाचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवायचे. कुणी मागितला नव्हता, कायद्यानं सक्ती नव्हती, आजही नाही. निवडून दिलंय तर वर्षाला हिशेब द्यायचा हे त्यांनी स्वतःवर लावून घेतलं होतं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या राजकारणात टिकून राहावी अशी हीच गोष्ट आहे.

आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबायच्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात गेले, 1977 ला ठाण्यातून लोकसभेवर, 1980 ला परत तिथूनच, आणि 1982 ला वारले. साठीच नुकती उलटली होती.

आता स्पष्टच सांगतो, आमचं घर राष्ट्र सेवा दलाचं, समाजवादी नेते एसेम जोशींना मानणारं. जनसंघाचे बरेच मुद्दे मला तेव्हाही पटले नाहीत आणि आजही पटत नाहीत. गोवंशाचंच घ्या, 1976 च्या कायद्यानं गाईंच्या कत्तलीवर बंदी आली, 1995 ला युती सरकारनं बैलही त्यात घेतले, राष्ट्रपतींची सही 2015 ला झाली आणि तेव्हापासून म्हातारा बैल दावणीला बांधून त्याचा चारा कुठून आणायचा हे कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा. हे माझं मत, दुसऱ्याचं वेगळं असेल. पण आमदार माझ्या विचाराचा नसला तरी तो सभागृहात काय बोलला, काय विचारलं, कशावर हात वर केला हे मला कळलंच पाहिजे, नाहीतर मी त्याच्याशी भांडू तरी कशावर?

आज तुम्ही म्हणाल कार्यअहवाल तर सगळेच काढतात. हो काढतात ना, गुळगुळीत कागद, पानोपानी फोटो, किती कोटींचा रस्ता, किती हायमास्ट, किती आरोग्य शिबिरं. आमदाराला वर्षाला 5 कोटी निधी आहे, तो खर्च झाला पाहिजेच, पण तो पैसा आपलाच आहे. त्या पुस्तिकेत सभागृहाचं एक पान तरी असतं का? किती तारांकित प्रश्न टाकले, त्यातले किती चर्चेला आले, उत्तर काय मिळालं, मंत्र्यानं सभागृहात आश्वासन दिलं त्याचं पुढे काय झालं, कुठल्या विधेयकावर बोलले आणि काय बोलले. मी आजपर्यंत बघितलेल्या एकाही अहवालात हे नव्हतं, कुठल्याच पक्षाच्या नाही. आणि रामभाऊंचा वारसा सांगणाऱ्या भाजपकडून तर माझी अपेक्षा जास्तच आहे, आज त्यांचे 4-5 नाहीत, सभागृहात सगळ्यात मोठा पक्ष तोच आहे.

संपादकसाहेब, आता तुमच्याकडे मागणं. अधिवेशन चालू असताना तुमच्या पेपरात पायऱ्यांवरच्या घोषणा आणि कोण कुणाला काय बोललं हे पहिल्या पानावर असतं. त्याच्या जोडीला प्रत्येक अधिवेशन संपलं की आपल्या जिल्ह्यातल्या एकेका आमदाराची अर्धा कॉलम माहिती द्या, प्रश्न, लक्षवेधी, भाषणाचे विषय, बस. कार्यवाही विधिमंडळाकडे छापली जाते, तुमचा बातमीदार एक दिवस बसला तर निघेल. आणि ज्याच्या नावापुढे काहीच नसेल त्याच्या नावापुढे तसंच लिहा, पक्ष न बघता. मार्चचं बजेट अधिवेशन संपलं की सुरुवात करता येईल, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापर्यंत लोकांना सवय होईल. पाठवायला कुणी नसेल तर आमच्या गावातली दोन कॉलेजची मुलं हे काम फुकट करायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.

आपला,
एक जुना वाचक, तळेगाव दाभाडे