वरच्या गटाची हौस कोणाच्या पैशांवर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी अमेरिकेतल्या सेंट फ्रान्सिस विद्यापीठाला, खेळांच्या वरच्या गटातून स्वतःहून खाली गेल्याबद्दल, ‘पळपुटे’ ठरवले आहे. ‘होळकरांच्या इंदुरात वाढलेल्या माणसाला ही माघार पटणार नाही’ असेही ते लिहितात. मीही इंदुरातच वाढले. शिवाय इथल्याच एका महाविद्यालयात सव्वीस वर्षे क्रीडा अधिकारी होते. मला ही माघार पूर्ण पटली, म्हणून हे पत्र.

आधी ज्यांनी ते पत्र वाचले नाही त्यांच्यासाठी. सेंट फ्रान्सिस हे पेनसिल्व्हानियातल्या लोरेटो या छोट्याशा गावातले, १८४७ साली सुरू झालेले विद्यापीठ. मार्च २०२५ मध्ये त्यांचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ १९९१ नंतर प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेत पोचला आणि अलाबामा स्टेटकडून ७०-६८ असा, अगदी शेवटच्या क्षणी हरला. त्यानंतर आठवड्याभरात विद्यापीठाने जाहीर केले की आम्ही डिव्हिजन वन, म्हणजे विद्यापीठीय खेळांचा सर्वांत वरचा गट, सोडून सर्वांत खालच्या डिव्हिजन थ्रीमध्ये जाणार.

आपल्याकडे खालच्या गटात जाणे म्हणजे शिक्षा. रणजी करंडकात हैदराबाद ‘प्लेट’ या खालच्या गटात घसरले, २०२३-२४ मध्ये प्लेट जिंकून पुन्हा वर आले, दोन वेळा रणजी जिंकलेल्या संघाला ते झोंबले असणारच. पत्रलेखकांच्या डोक्यात हेच गणित आहे. पण अमेरिकेतल्या विद्यापीठांचे गट हार-जितीवर ठरतच नाहीत. १९७३ साली तिथल्या संघटनेने तीन डिव्हिजन केल्या, आणि कोणत्या डिव्हिजनमध्ये खेळायचे ते मुख्यतः संस्था स्वतःच्या ऐपतीप्रमाणे निवडते. वनमध्ये बहुतेकांना खेळासाठी शिष्यवृत्त्या द्याव्या लागतात, दूरदूरचे दौरे, मोठे प्रशिक्षक, सगळा तामझाम. थ्रीमध्ये खेळासाठी म्हणून एक पैसाही देता येत नाही. मदत मिळते ती गुणांवर किंवा घरच्या गरजेवर. आणि सर्वांत जास्त संस्था याच थ्रीमध्ये आहेत, चारशेच्या वर. एमआयटी त्यात आहे. शिकागो विद्यापीठही त्यातच आहे, ज्याच्या फुटबॉलपटूला १९३५ साली पहिली हाइजमन ट्रॉफी, म्हणजे तिथल्या विद्यापीठीय फुटबॉलमधला सर्वांत मोठा मान, मिळाली होती. चार वर्षांत त्यांनी फुटबॉलच बंद केला, काही वर्षांनी ‘बिग टेन’ ही मोठी लीगही सोडली. त्यामुळे शिकागो विद्यापीठाची इभ्रत गेली असे मी तरी ऐकलेले नाही.

आता तर पैशाचे आकडे वाचून भोवळ यावी. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे डिव्हिजन वनमधली विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा एका विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. एवढे प्रत्येकाने द्यायलाच हवेत असे नाही, पण शेजारच्या ताटात पंचपक्वान्ने आणि आपल्यात पिठलं, अशा पंक्तीला बसायचे तरी कशाला?

आता होळकर, म्हणजे इंदूर संस्थानचा रणजी संघ. पत्रलेखकांनी त्यांचे नाव काढलेच आहे तर तेही बोलू. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे! वडिलांच्या तोंडून ही नावे देवाच्या नावांसारखी ऐकली. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनसुद्धा १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात आपल्याकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद २४९ काढले (सामना आपण हरलो, पण ते वडील सांगत नसत). हा संघ महाराज यशवंतराव होळकरांच्या दिलदारीवर आणि तिजोरीवर उभा होता. संस्थान गेले, काही वर्षांत संघही गेला. त्यानंतर इथल्या मातीतून रणजी करंडक यायला थेट जून २०२२ उजाडला, चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशाने मुंबईला हरवले तेव्हा. मला होळकर संघाचा अभिमान आहे. पण तो अभिमान सांगताना मधली जवळजवळ सत्तर वर्षे गिळून टाकायची नाहीत.

आणि तिजोरी महाराजांची नसून फी भरणाऱ्या मुलांची असेल तर? ते मी जवळून पाहिले आहे. आमच्या महाविद्यालयाला एका वर्षी मोठ्या करंडकाची हौस आली. कबड्डीसाठी बाहेरून पाच मुले आणली. कागदोपत्री प्रवेश बी. ए. प्रथम वर्ष, वर्गात त्यांना कोणी पाहिले नाही. राहणे, खुराक, ट्रॅकसूट, सगळे क्रीडा शुल्कातून. त्यांच्या पात्रता-अर्जांवर माझी सही आहे, हे मी लपवत नाही. त्याच वर्षी मी खो-खोच्या मुलींच्या प्रवासभत्त्यासाठी आणि बुटांसाठी अर्ज केला, तर वरून ऐकवण्यात आले, ‘मॅडम, खो-खो तर अनवाणी खेळतात ना?’ करंडक आला. प्राचार्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात बसला. पाचही मुले परीक्षेआधीच गायब. माझ्या खो-खोच्या बारा मुलींपैकी सात जणींनी पुढच्या वर्षी नाव दिले नाही. त्यातली एक अजून राजवाड्याजवळ भेटते, दुकान सांभाळते. तिच्याइतकी चपळ पोल मारणारी मुलगी मला पुन्हा मिळाली नाही.

म्हणून मला अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजचे कौतुक वाटते. मुलींचे कॉलेज, दोन हजारांवर विद्यार्थिनी, आणि संघांतून खेळणाऱ्या जेमतेम ऐंशी. २०१३ मध्ये त्यांनी आंतरमहाविद्यालयीन संघच बंद केले आणि तो पैसा सगळ्या मुलींच्या व्यायामाकडे वळवला. मी स्वतः इतक्या टोकाला गेले नसते. स्पर्धा हवी. शिट्टी वाजल्यावर पोटात गोळा आला पाहिजे, नाहीतर तो खेळ कसला.

खालच्या गटात गेल्याने सगळे भले होते असेही नाही. अलाबामातले बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज २००६ साली वनमधून थ्रीकडे वळले आणि तरीही ३१ मे २०२४ ला कायमचे बंद पडले. त्या दिवशी त्यांचा बेसबॉल संघ डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. पैशाचे भोक दुसरीकडे असेल तर डिव्हिजन बदलून ते बुजत नाही. आणि अमेरिकेतल्याच हार्टफर्ड विद्यापीठाच्या मुलांचा राग मला रास्त वाटतो. २०२१ मध्ये त्यांचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेत गेला आणि दोनच महिन्यांत विश्वस्तांनी थ्रीमध्ये जायचे ठरवले. ज्या मुलांना ‘वनमध्ये खेळवू’ सांगून आणले, त्यांनी काय करायचे? निर्णय योग्य असला तरी आधी शब्द दिलेल्या मुलांची पदवी होईपर्यंत त्यांचे पैसे पोचले पाहिजेत आणि दुसरीकडे जायचे असेल त्याला वेळेत मोकळे केले पाहिजे. पत्रलेखकांनी यावर टीका केली असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

माझी नात, मुलीची मुलगी, तिकडच्याच एका छोट्या कॉलेजात शिकते आणि डिव्हिजन थ्रीत क्रॉस-कंट्री धावते. सहा किलोमीटर, चिखलातून, टेकाडांवरून. धावण्याचे पैसे मिळत नाहीत. केमिस्ट्रीचे प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी सरावाला सुट्टी असते. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारले, ‘काय गं, तुमच्यात कोणी वरच्या डिव्हिजनला जाऊ म्हणत नाही का?’ ती पोहे खात होती (इंदुरी शेव मीच पाठवते). म्हणाली, ‘आजी, तसं झालं तर मला टीममधून काढतील. मी एवढी फास्ट नाहीये.’

आपल्या शहरातली महाविद्यालये करंडकांचे फोटो आपल्याकडे छापायला पाठवतात. पुढच्या वेळी आपल्या वार्ताहरांनी एवढेच विचारावे, की क्रीडा शुल्क किती मुलांनी भरले आणि वर्षभरात मैदानावर किती जण उतरले. दोन्ही आकडे फोटोखाली छापावेत.

आपली,
एक निवृत्त क्रीडा अधिकारी,
रामबाग, इंदूर

ता. क. : होळकर संघाने रणजी करंडक तीनदा जिंकल्याचे त्या पत्रात छापले गेले आहे. चार वेळा : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. कृपया दुरुस्ती छापावी.