‘नाशिकच्या मे महिन्यापेक्षा गार’ असे सांगून विकलेल्या जपान सहलीबाबत तक्रार

नाशिक
दिनांक : ५ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

प्रत माहितीसाठी : शाखा व्यवस्थापक, नाशिक

विषय : ज्येष्ठ नागरिकांच्या जुलैमधील जपान सहलीत हवामानाची चुकीची माहिती दिल्याबद्दल व त्यामुळे पत्नीला रुग्णालयात दाखल करावे लागल्याबद्दल.

महोदय,

मी आणि माझी पत्नी तुमच्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यातील जपान सहलीला गेलो होतो. माझे वय ६७, पत्नीचे ६३. दोघांचे मिळून ५ लाख २० हजार रुपये भरले. ते माझ्या निवृत्तीच्या पैशातले होते.

मार्चमध्ये तुमच्या शाखेत आलो तेव्हा माझी शंका एकच होती : जुलैत तिकडे ऐन उन्हाळा, आम्हाला झेपेल का? पत्नीला रक्तदाबाचा त्रास आहे, हेही तेव्हाच सांगितले. तुमच्या प्रतिनिधीने संगणकावर तापमान दाखवले आणि म्हणाले, “काका, जास्तीत जास्त ३३ डिग्री. आपण नाशिककर मे महिन्यात ४० काढतो, तुम्हाला तर तिकडे गारच वाटेल.” हे वाक्य जसेच्या तसे लिहितो आहे, कारण माझी सगळी तक्रार त्याच्यापाशी येऊन थांबते. तुमच्या माहितीपत्रकातही ‘आल्हाददायक उन्हाळा’ असेच छापले आहे.

आमच्याकडे ४० डिग्रीतही माठातले पाणी गार होते, कूलर लावला की खोली निवते, कारण नाशिकची मे महिन्याची हवा कोरडी असते. आलेला घाम वाळतो आणि अंग थंड होते. हाच कूलर मुंबईत लावला तर खोली नुसती चिकट होते, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. क्योटो हे शहर तीन बाजूंनी डोंगरांच्या कुशीत, खोलगट जागी वसलेले. तिथला जूनपासूनचा पाऊस नुकताच संपलेला, हवा पाण्याने भरलेली. घाम अंगावरून ओघळतो, वाळत नाही. रात्रीही पारा २५ च्या खाली उतरत नाही. जपानी लोकांनी अशा रात्रीला नाव दिले आहे, ‘नेत्ताइया’. आणि ३५ डिग्री गाठणाऱ्या दिवसाला ‘मोशोबी’. जिथे उकाड्याला वेगवेगळी नावे ठेवावी लागतात, तिथल्या उन्हाळ्याला तुम्ही आल्हाददायक कसे म्हणता? इतक्या वर्षांत इतके गट तिकडे नेऊन तुम्हाला हे कळले नाही, हे मला पटत नाही.

पाचव्या दिवशी क्योटोतल्या फुशिमी इनारी या देवस्थानाला जायचे होते. छापील कार्यक्रमात वेळ सकाळी सातची होती आणि ती योग्यच होती, कारण ते देवस्थान चोवीस तास उघडे असते. पण आदल्या रात्री तुमच्या सहल व्यवस्थापकांनी सकाळी खरेदीचा थांबा घातला आणि देवस्थानाची वेळ दुपारी साडेबारा केली. जपानमध्ये २०२१ पासून देशभर उष्माघाताचा सरकारी इशारा दिला जातो. तापमान, दमटपणा आणि उन्हाचा ताप एकत्र धरून काढलेला निर्देशांक ३३ वर जाणार असला, की आदल्या संध्याकाळी पाचला आणि त्या दिवशी पहाटे पाचला तो जाहीर होतो. स्थानिक गाईडने नाश्त्याच्या वेळी आज इशारा आहे म्हणून सांगितले, ते आम्ही सगळ्यांनी ऐकले. तरी वेळ बदलली नाही.

त्या लाल तोरी, म्हणजे देवस्थानाच्या कमानी, पाहून पत्नीला फार आनंद झाला होता, हे मला लिहायलाच हवे. हे बघायचे म्हणून ती वर्षभर पैसे बाजूला टाकत होती. वीसेक मिनिटे पायऱ्या चढल्यावर तिच्या पोटऱ्यांत गोळे आले, मळमळू लागले, आणि मग ती मला माझ्या नावाऐवजी तिच्या भावाच्या नावाने हाक मारू लागली. चाळीस वर्षांच्या संसारात मी इतका कधी घाबरलो नव्हतो.

तुमच्या व्यवस्थापकांनी आधी कार्यालयाला फोन लावला आणि “थोडं बसू द्या, बरं वाटेल,” म्हणाले. बाजूच्या दुकानातल्या एका वयस्कर बाईंनी मात्र काही न विचारता तिला सावलीत आडवे केले, मानेखाली आणि काखेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या आणि ११९ वर रुग्णवाहिका बोलावली. त्या बाईंचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. रुग्णालयात सलाईन लावले, रात्री उशिरा सोडले. बिल मी माझ्या खिशातून भरले, कारण विम्याचा पॉलिसी क्रमांक आमच्यापैकी कोणाकडेच दिलेला नव्हता. उरलेले दिवस आम्ही हॉटेलच्या खोलीत काढले.

परत आल्यावर आमच्या डॉक्टरांनी सांगितले की तिच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवीवाटे पाणी काढणारे औषध आहे, आणि अशा दमट उष्म्यात त्याचा धोका वाढतो. ही गोळी तुमच्या आरोग्य अर्जात तिने स्वतःच्या हाताने लिहिली होती. तो अर्ज कोणी वाचला का, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

रुग्णालयाचे पूर्ण बिल आणि वाया गेलेल्या तीन दिवसांचे पैसे परत करावेत, ही माझी मागणी आहे. पावत्या, माहितीपत्रक आणि मूळ कार्यक्रमाची प्रत जोडली आहे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवेन आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन.

पैशांपेक्षा तातडीची एक गोष्ट आहे. तुमचा ज्येष्ठांचा पुढचा गट १२ ऑगस्टला निघतो आहे, हे शाखेतल्या फलकावर मी काल वाचले. त्या आठवड्यात तिकडे ओबोनचा सण, म्हणजे उकाड्यात गर्दीची भर. त्या प्रत्येकाला निघण्यापूर्वी फोन करून हवामान खरे काय आहे ते सांगा, चालायच्या जागा सकाळी नऊच्या आत ठेवा आणि विम्याचा क्रमांक हातात द्या. हे केल्याचे मला याच आठवड्यात कळवावे.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व बुकिंग क्रमांक सोबतच्या पानावर)