अंतर भागिले वेग एवढ्यावर भागत नाही

संपादक महोदय,

दोन शहरांमधले हवाई अंतर ताशी ८५० किलोमीटरने भागून विमानप्रवासाचा वेळ सांगितला जातो. तो हमखास चुकतो. वेळापत्रकातला वेळ विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, उड्डाणाची रांग, चढता-उतरताना कमी असणारा वेग यांसाठी अर्धा तास तरी वाढवावाच लागतो. शिवाय वारा! न्यूयॉर्क-लंडन अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर. जाताना साधारण ७ तास, परतताना ८. कारण १०-१२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात. त्या आधी एकाच प्रमाणवेळेत आणाव्यात, मगच वजाबाकी करावी.

– एक वाचक