मी गेल्यावर

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी "मी गेल्यावर" एवढंच म्हणाले आणि तू "आई, असलं काही बोलू नकोस ना" म्हणत विषय बदललास. मला राग आला नाही. तुझ्या आवाजातली भीती माझ्या ओळखीची आहे. २२ वर्षांपूर्वी जवळजवळ याच शब्दांत मी तुझ्या आजोबांना गप्प केलं होतं. तेही एकदा नाही, तीनदा.

पहिल्यांदा ते कपाट आवरत होते. एक जुनी फाईल हातात घेऊन म्हणाले, "मी गेल्यावर ही आधी उघडायची." मी फाईल काढून घेतली आणि म्हटलं, "बाबा, आत्ता कशाला?" दुसऱ्यांदा वर्तमानपत्रात त्यांच्या एका स्नेह्याची निधनवार्ता आली होती. ती दोनदा वाचून ते म्हणाले, "माझ्या वेळी असलं काही करू नका." असलं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. जाहिरात? फोटो? शोकसभा? आजही ठाऊक नाही. तिसऱ्यांदा ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्यांनी माझा हात धरला. "हे बघ, मी गेल्यावर..." मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "बाबा, अभद्र बोलू नका," म्हटलं. ते "बरं" म्हणाले आणि माझ्या हातावर थोपटलं. माझ्या समाधानासाठी त्यांनी आपलं वाक्य गिळलं. ते वाक्य मला पुन्हा कधी ऐकायला मिळालं नाही.

नऊ दिवसांनी ते गेले. अर्ध्या तासात एक परिचारिका आली आणि तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "नेत्रदान करायचं आहे का?" मी तुझ्या मामाकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. दोघांनाही माहीत नव्हतं. आम्ही "नाही" म्हणालो, कारण काहीच ठाऊक नसताना "नाही" म्हणणं कमी चुकीचं वाटतं. मग प्रश्नांची रांगच लागली. कुणासाठी थांबायचं, निरोपाच्या वेळी कोण बोलणार, अस्थी कुठे न्यायच्या. त्या रात्री मामाचे आणि माझे असे काही शब्द झाले की पुढची दोन वर्षं आम्ही कामापुरतंच बोलत होतो. आम्ही दोघंही बाबांची बाजू घेऊन भांडत होतो. खूप नंतर कळलं की बाबांनी मामाकडेही विषय काढून पाहिला होता आणि त्यानेही त्यांना असंच थांबवलं होतं.

म्हणून हे पत्र लिहितेय. मला कुठलाही आजार झालेला नाही, घाबरू नकोस. आत्ता बोलायचं कारण तेच आहे. आज आपण दोघी शांत आहोत आणि मला माझं म्हणणं बदलायलाही वेळ आहे.

आधी शेवटच्या काही तासांबद्दल. बाबांच्या वेळी मी सर्वांत जास्त घाबरले ती त्यांच्या श्वासाला. श्वास खोल होत जायचा, मग उथळ, मग पूर्ण थांबायचा, आणि मला वाटायचं संपलं. तेवढ्यात पुन्हा सुरू. मी दर वेळी धावत जाऊन कुणाला तरी बोलावत होते. नंतर वाचलं की या श्वासाला नाव आहे, चेन-स्टोक्स श्वसन. एकोणिसाव्या शतकात जॉन चेन आणि विल्यम स्टोक्स या दोन डॉक्टरांनी त्याचं वर्णन करून ठेवलंय. मरणाच्या वाटेवर असं पुष्कळांचं होतं. घशातली घरघरही अशीच. गिळण्याची ताकद गेल्याने तिथे स्राव साठतो. ऐकणाऱ्याला ती असह्य होते, पण त्या माणसाला तिचा त्रास बहुधा होत नसतो, असं या कामातले डॉक्टर सांगतात. हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर ती रात्र मी धावपळीत घालवली नसती, बाबांजवळ बसले असते.

तू बस. आणि बोलत राहा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मृत्यूच्या अगदी जवळ पोचलेल्या, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदू आवाजांना निरोगी माणसाच्या मेंदूसारखाच प्रतिसाद देत होता. ऐकलेलं त्यांना समजतं का, हे त्या अभ्यासातून ठरत नाही. पण माझ्यासाठी तेवढं पुरे. काय बोलायचं ते सुचलं नाही तर दिवसभरात काय केलंस ते सांग.

बरं होण्याची आशा उरली नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तर माझी छाती दाबून, नळ्या घालून मला थांबवून ठेवू नका. वेदना मात्र कमी करायला सांगा, त्यात काटकसर नको. हे मी वेगळ्या कागदावर साक्षीदारांसमोर लिहून ठेवणार आहे.

गेल्यानंतर डॉक्टरांना कळवा, त्यांनी मृत्यू झाल्याचं लिहून दिलं पाहिजे. त्यापलीकडे पहिल्या तासात फारसं काही करायचं नसतं. लोक उगाच घाई करतात. पण एका गोष्टीची घाई खरोखर आहे, ती डोळ्यांची. मला नेत्रदान करायचं आहे. हे वाक्य दोनदा वाच, म्हणजे तुला कुणी विचारलं तर दादाकडे बघावं लागणार नाही. डोळे शक्यतो सहा तासांच्या आत काढून घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी देऊन ते थोडं वर ठेवायचं आणि पंखा बंद करायचा. काम वीसेक मिनिटांत होतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, वय झालंय, यातल्या कशाचीही अडचण येत नाही. मूत्रपिंड, यकृत या अवयवांचं तसं नसतं. ते बहुतेक वेळा मेंदू मृत झालेल्या पण अतिदक्षता विभागात यंत्रावर श्वास चालू असलेल्या माणसाकडूनच घेता येतात. तशी वेळ आली तर त्यालाही माझी संमती आहे. मी कितीही अर्ज भरून ठेवले तरी त्या क्षणी बहुतेक ठिकाणी घरच्यांनाच विचारतात. म्हणजे माझी इच्छा शेवटी तुझ्याच तोंडून बोलली जाणार.

देहदानाचाही मी विचार केला. विद्यार्थ्यांना शिकायला उपयोग होतो ही गोष्ट मला आवडते. पण शवविच्छेदन झालं असेल, संसर्गजन्य आजार असेल किंवा फार उशीर झाला असेल तर संस्था देह नाकारू शकते. आधी फोन करा. घेतला तर आनंद. नाही घेतला तर दहन, साधं, आणि त्यात मला कमी लेखल्यासारखं काही वाटून घेऊ नका.

साधेपणाबद्दल लोक काय म्हणतील ही धास्ती तुला वाटणार. तेव्हा डेस्मंड टुटूंची आठवण ठेव. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप, नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी. २६ डिसेंबर २०२१ला ते गेले. थाटमाट नको, शवपेटी मिळेल ती सर्वांत स्वस्त, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. देहाचं विसर्जन त्यांच्या इच्छेप्रमाणे ज्वाळेऐवजी पाण्याने झालं. त्या पद्धतीत अल्कली मिसळलेल्या गरम पाण्यात देह विरघळवतात. सारं जग बघत असताना तिथल्या लोकांनी साधी पेटी ठेवली आणि त्यांना कुणापुढे मान खाली घालावी लागली नाही, कारण ते टुटूंचे स्वतःचे शब्द होते. तुझ्याकडेही माझे शब्द आहेत. कुणी बोललंच तर हे पत्र दाखव.

आता मी ज्यावर सर्वांत जास्त विचार केलाय ते. देहाचं काय करायचं ते मी ठरवणार, कारण तो माझा आहे. निरोप कसा द्यायचा ते तुम्ही ठरवायचं, कारण तो तुम्हाला द्यायचा आहे. कोण बोलणार, गाणं असावं की शांतता, दहा माणसं की शंभर, यातलं काहीही मी लिहून ठेवणार नाही. आधी मी एक यादी केली होती, मग फाडून टाकली. दहा वर्षांनी तुम्हाला कशाने बरं वाटेल हे मला आज कुठून कळणार? दुःखात बुडालेल्या माणसाला यादी पाळायला लावणं हाही एक जुलूमच आहे. दादाला शांतता लागते, तुला माणसं लागतात. दोघांनी वेगवेगळं केलंत तरी चालेल. देहाबद्दल मी न सांगितलेलं काही उरलं आणि एकमत होत नसेल तर शेवटचा शब्द तुझा, आणि तो उच्चारण्यापूर्वी तू दादाचं पूर्ण ऐकून घ्यायचंस. त्यालाही हेच लिहिते आहे, म्हणजे तुम्हा दोघांना वेगवेगळी आई भेटायला नको.

छोटीला काय सांगायचं हा प्रश्न तुला पडेलच. "आजी झोपली" असं कृपा करून सांगू नकोस. मूल ते खरं मानतं आणि मग रात्री झोपायला घाबरतं. "देवाघरी गेली" म्हटलं तर परत कधी येणार विचारतं. "आजी मेली. तिचं शरीर काम करायचं थांबलं. आता ती परत येणार नाही," असं सांग. हे शब्द तुझ्या तोंडून निघायला जड जातील, पण तिला ते पेलतात. ती तोच प्रश्न दहादा विचारेल आणि मध्येच उठून खेळायला पळेल. मुलांचं दुःख असं तुकड्यातुकड्यांत येतं. निरोपाला यायचं का ते तिला विचार. हो म्हणाली तर तिथे काय दिसेल ते आधी सांग. लोक रडत असतील, आजी हलणार नाही, हात गार लागेल. आणि तिला वाटेल तेव्हा तिला घेऊन बाहेर जाईल असं एक माणूस सोबत ठेव. ते माणूस तू नको, तुला तुझं रडायचं असेल.

कागदपत्रं मी एका फाईलमध्ये लावली आहेत, निळी, कपाटातल्या वरच्या कप्प्यात. मृत्युपत्रात अंत्यसंस्काराचं एक अक्षरही नाही, कारण मृत्युपत्र पुष्कळदा सगळं आटोपल्यावरच उघडलं जातं. फोनवर ॲपलच्या सोयीत वारस संपर्क म्हणून तुझं नाव घातलंय आणि गूगलवरही खातं बराच काळ वापरलं गेलं नाही तर तुला कळेल अशी व्यवस्था केली आहे. फोटो तिथेच आहेत.

राहिलं स्मारक. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकाबद्दल मी बरंच वाचलं. माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा आराखडा १९८१ मध्ये निवडला गेला आणि पुढच्याच वर्षी ते उभं राहिलं. काळ्या, चकाकत्या दगडाच्या भिंतीवर ५८,००० हून अधिक नावं आहेत. ती अकारविल्हे लावलेली नाहीत. ज्या क्रमाने माणसं पडली त्या क्रमाने आहेत, म्हणजे एकत्र मेलेले मित्र जवळपासच राहतात. आणि नाव वाचताना त्याच दगडात वाचणाऱ्याला आपला चेहरा दिसतो. लोक तिथे कागद धरून पेन्सिलीने नावाचा ठसा घेतात आणि घरी नेतात. एवढी मोठी भिंत, आणि माणसाला हवं असतं एक नाव, हातात मावेल असं.

बाबांचं माझ्याकडे काय आहे माहीत आहे? स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत ना, तुझ्या आणि दादाच्या उंचीच्या, त्या त्यांनी ओढल्या आहेत. प्रत्येक रेघेपुढे तारीख, त्यांच्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात. घराला रंग देताना तेवढी पट्टी मी दोनदा सोडायला लावली आहे. मनात आलं की त्या तारखांवरून बोट फिरवते. हे स्मारक करायचं म्हणून कुणीच केलं नव्हतं. माझ्यासाठी तुम्ही बाक, पाटी, पुरस्कार असलं काही ठेवलंत तर मी नको म्हणायला नसेन, पण मला त्याची गरज वाटत नाही. आणि कधी घर विकावं लागलं तर चौकट सोडून द्या. माझ्या वतीने ती सांभाळत बसू नका.

अजून खूप आहे. चष्म्याची डबी, माझ्या मैत्रिणी, कुणाला आधी कळवायचं आणि कुणाला समोर जाऊनच सांगायचं. ते पत्रात लिहायचं नाही, बोलायचं आहे. रविवारी दुपारी तुला वेळ असतो. मी वाक्य सुरू करीन, "मी गेल्यावर". तू ते पुरं होईपर्यंत थांब. रडू आलं तर रड, मी फोन ठेवणार नाही. मग तू विचार, काय वाटेल ते. आणि तुझ्याही मनात स्वतःबद्दल काही असेल तर ते मला सांग. ऐकताना माझा जीव कासावीस होईल हे मला आत्ताच कळतंय. तरी मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
आई