स्लाइड स्वतः पाहणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

माझ्या मुलीचे रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार पूर्ण झाले. ही बातमी आपल्याला कळवल्याशिवाय आम्हा घरच्यांना चैन पडणार नव्हते, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी, सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत, तिचे गुडघे आणि घोटे सुजले. ती तेव्हा 7 वर्षांची होती. आजीने निरगुडीच्या पाल्याने शेकून पाहिले. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवल्यावर लहान मुलांचा संधिवात असल्याचे सांगण्यात आले. त्याबद्दल मी कोणालाही दोष देत नाही, कारण तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, म्हणजे तिला झालेल्या रक्ताच्या कर्करोगात, कधीकधी आधी सांधेच दुखतात, हे मला आता ठाऊक आहे. ती मध्यरात्री कळवळून उठायची, आणि सूज दिसे त्यापेक्षा वेदना कितीतरी जास्त असे. ती खूण होती, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळले.

स्टिरॉइड सुरू करण्याआधी रक्त तपासायला आम्ही सेलूला आपल्या प्रयोगशाळेत आलो. ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, 96 इतका वाढलेला होता आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, 1 लाख 20 हजार, म्हणजे कमी. यंत्राने काढलेले आकडे छापून दिले असते, तरी आपल्याला कोणी बोल लावला नसता. पण आपण रक्ताची स्लाइड स्वतः पाहिली, तीत कर्करोगाची एकही पेशी सापडली नाही, तरीही आपले समाधान झाले नाही. संधिवाताची एवढी सूज असती तर ईएसआरबरोबर प्लेटलेटही वाढलेल्या दिसायला हव्या होत्या, मग त्या कमी कशामुळे झाल्या, हा प्रश्न आपण मनात ठेवून दिला नाही, तर त्याच संध्याकाळी जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्या डॉक्टरांना फोन करून अस्थिमज्जेची, म्हणजे हाडांतल्या मगजाची, तपासणी होईपर्यंत स्टिरॉइड देऊ नये, अशी विनंती केली. त्या गोळ्यांनी सूज उतरली असती, आम्हीही सुखावलो असतो, आणि आजार काही काळ झाकला जाऊन मज्जेच्या तपासणीतही नीट ओळखू आला नसता.

छत्रपती संभाजीनगरला मज्जा तपासल्यावर निदान पक्के झाले. पुढची अडीच वर्षे केमोथेरपीत गेली. शेवटच्या मोठ्या टप्प्यात दर आठवड्याला मेथोट्रेक्सेट असे. संधिवातातही हेच औषध देतात, हे समजले तेव्हा तिची आई कितीतरी वेळ ती गोळी हातात धरून बसली होती.

आपण त्या फोनबद्दल आम्हाला कधी सांगितले नाही. तो डॉक्टरांकडून कळला. आपले आभार मानण्यास एवढा उशीर झाला, याची क्षमा असावी.

पुढच्या तपासणीचे रक्त आपल्याकडेच द्यायचे असे मुलीने ठरवले आहे. त्या दिवशी तिला आपल्या सूक्ष्मदर्शकातून स्वतःची स्लाइड पाहायची आहे.

आपला कृतज्ञ,
एक पालक